माडीवरचा राउटर, खालचा संगणक: सांगलीतल्या एका घरातल्या जोडणीच्या नोंदी

३ फेब्रुवारी: काय आहे, काय हवं

गावभागातलं जुनं दुमजली घर. खालच्या भिंती दीड फूट जाडीच्या, चुन्यातलं वीटकाम. वर नंतर टाकलेला स्लॅब. फायबरची तार खांबावरून माडीच्या गॅलरीत येते आणि फायबरचा डबा तिथेच पॅसेजमध्ये भिंतीला आहे. राउटर आणि वाय-फाय त्याच डब्यात. हा डबा खाली आणायचा नाही, हे घरच्यांनी आधीच सांगितलं. २०१९ च्या पुराची रेघ खालच्या भिंतींवर अजून दिसते आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा सगळं सामान वर चढवावं लागलं होतं. संगणक मात्र खाली मागच्या खोलीतच हवा, कारण दिवसभराचं काम तिथे चालतं.

प्लॅन ३०० एमबीपीएसचा. संगणक डेस्कटॉप, विंडोज ११, मदरबोर्डवर गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) पोर्ट, वाय-फाय नाही. भिंतीतून आलेली एक जुनी नेटची वायर त्याला लावलेली आहे. तक्रार एवढीच की तीनशेचे पैसे भरूनही शंभराच्या वर कधी जात नाही.

हात लावण्याआधी तीन गोष्टी बघून घेतल्या. पहिली, डब्याच्या एक नंबरच्या पोर्टात एक मीटरची तयार पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली छोटी वायर) लावून लॅपटॉपवर स्पीड टेस्ट: ३०० च्या थोडं वर. म्हणजे बाहेरून येणारं नेट ठीक, भांडण घरातच आहे. दुसरी, खालच्या संगणकावर तीच टेस्ट: ९४. तिसरी, संगणकाच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेट, तिथली लिंक स्पीडची ओळ: १००/१००.

९४ हा आकडा ओळखून ठेवावा. शंभराच्या लिंकवर पॅकेटांची (डेटाच्या तुकड्यांची) वेष्टणं वजा जाता हातात ९४-९५ च उरतात, आणि गिगाबिटवर त्याच हिशेबाने ९४० च्या आसपास. स्पीड टेस्ट ६० आणि ८० मध्ये हेलकावे खात असेल तर कारण वाय-फाय, गर्दी, काहीही असू शकतं. पण दर वेळी ९४ वरच खिळलेली दिसली की वाटेत कुठेतरी शंभराची कडी आहे, हे नक्की. ती वायर असेल, पोर्ट असेल किंवा ड्रायव्हरमधलं सेटिंग. ड्रायव्हरमध्ये 'स्पीड अँड डुप्लेक्स' ऑटोवरच होतं. ते तिथेच राहू द्यावं. गिगाबिटला ऑटो लागतंच, आणि एका बाजूला सक्तीने '१०० फुल' केलं की दुसरी बाजू हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेने बोलण्यावर) जाते, मग नेट चालतंय पण रखडतंय अशी गत होते.

पुढच्या मोजमापासाठी आयपर्फ३ (दोन संगणकांमधला वेग मोजणारा प्रोग्रॅम) वापरायचं ठरलं. स्पीड टेस्ट इंटरनेट मोजते. आपल्याला मोजायचा आहे संगणक ते राउटर हा टप्पा. माडीवर लॅपटॉप डब्याच्या एक नंबर पोर्टात वायरने जोडून त्यावर आयपर्फ सर्व्हर म्हणून चालू ठेवला, खालच्या संगणकावरून तीस-तीस सेकंद डेटा पाठवला, मग '-आर' लावून उलट दिशेने. पहिल्यांदा चालवताना विंडोजचा फायरवॉल परवानगी विचारतो. तिथे 'प्रायव्हेट' ला हो म्हटलं नाही तर जोडणीच होत नाही आणि वायरवर उगाच संशय येतो. दुसऱ्या खिडकीत राउटरला पिंग (निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) सतत चालू ठेवायचा. वेगाइतकंच, तो किती हलतो हेही बघायचं आहे.

५ फेब्रुवारी: भिंतीतली जुनी वायर

वरचा बोर्ड उघडला आणि शंभराचं कारण समोरच सापडलं. वायरीत चार जोड्या, आठ तारा. त्यातल्या केशरी आणि हिरव्या जोड्या नेटच्या कनेक्टरला, आणि निळी आणि तपकिरी जोडी फाटकावरच्या इंटरकॉमला दिलेली. एका वायरीत दोन कामं उरकायची ही पद्धत एके काळी सर्रास चालायची, आणि शंभराच्या जमान्यात ती बरोबरही होती. शंभराच्या इथरनेटला १-२ आणि ३-६ या चारच पिना लागतात. गिगाबिट चारही जोड्या वापरतं. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी तुटली, तरी बहुतेक वेळा दोन्ही टोकं गुपचूप शंभरावर उतरतात. कुठेही चूक म्हणून दिसत नाही.

इंटरकॉम तात्पुरता सोडवून आठही तारा दोन्हीकडे नीट लावल्या. लिंक १००० दाखवू लागली. दहा-पंधरा मिनिटांनी परत १००, मग लिंक जाऊन पुन्हा १०००. मल्टिमीटरने पाहिलं तर तपकिरी जोडीचा रोध वायर हलवली की बदलत होता. जिन्याखालचा जंक्शन बॉक्स उघडल्यावर खुलासा झाला: वायर तिथे कमी पडलेली, म्हणून आठही तारा पीळ देऊन, टेप गुंडाळून पुढच्या तुकड्याला जोडलेल्या. टेपचा डिंक वितळून तारा हिरव्या पडलेल्या. शिवाय त्याच पाइपातून पंख्याची लाइन गेलेली.

सांधा दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. बाकीची वायर कॅट-५ (नेटच्या वायरीची जुनी प्रत), वरचं आवरण हाताने मोडतंय. वीज आणि नेट एका पाइपात ठेवणं गडबडीचं तर आहेच, धोक्याचंही आहे: विजेच्या तारेचं आवरण गेलं तर २३० व्होल्ट थेट संगणकाच्या पोर्टात. ही वायर रद्द. नवी वायर ओढायला तिचा उपयोग करावा म्हणून एका टोकाला ताण देऊन पाहिला. जागची हलली नाही. पाइप मध्ये कुठेतरी दबलेला आहे. इंटरकॉम पूर्वीसारखा जोडून दिला.

८ फेब्रुवारी: भिंत न फोडता काय होतं ते पाहू

वायर ओढणं म्हणजे ड्रिल, धूळ आणि पट्ट्या. त्याआधी वाय-फायला न्याय्य संधी द्यायला हवी. एक वाय-फाय ६ चा यूएसबी अडॅप्टर आणला, २,७०० रुपये. आत ड्रायव्हरची सीडी नसते. विंडोजला तो आधी सीडी ड्राइव्हसारखा दिसतो, त्यातून ड्रायव्हर टाकावा लागतो.

२.४ गिगाहर्ट्झवर आयपर्फ: ३८ ते ४५ एमबीपीएस. पिंग ४ मिलिसेकंदांपासून ६० पर्यंत उड्या मारतोय. गावभागात घरं भिंतीला भिंत लागून. फोनवरच्या अ‍ॅपने पाहिलं तर १, ६, ११ तिन्ही चॅनल शेजाऱ्यांनी भरलेले. चॅनलची रुंदी ४० वरून २० वर आणली तर वेग बदलला नाही, पण पिंग थोडा शांत झाला. या पट्ट्यात रुंदी २० च ठेवावी.

५ गिगाहर्ट्झवर अडॅप्टर संगणकाच्या मागच्या पोर्टात असताना ७० ते ११०. हे वाईट आहे, पण कारण स्वच्छ दिसत होतं. संगणकाचा पत्र्याचा डबा टेबलाखाली, अडॅप्टर त्याच्या मागे भिंतीशी, आणि राउटरच्या दिशेला लोखंडी कपाट. दीड मीटरची यूएसबी ३ ची एक्स्टेन्शन लावून अडॅप्टर कपाटाच्या वर, उघड्यावर ठेवला: १६० ते १९०. एवढा फरक फक्त जागेने पडला. नवीन राउटर घ्यायला निघालेल्याने आधी ही ऐंशी-शंभर रुपयांची वायर घेऊन बघावी. अडॅप्टर निळ्या पोर्टातच लावायचा, काळ्या यूएसबी २ मध्ये प्रत्यक्ष तीनशेच्या आसपासच छत लागतं. आणि यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क अडॅप्टरला खेटून ठेवू नये. तिचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो.

अडॅप्टरच्या खोक्यावर १८०० लिहिलं आहे. हा दोन्ही पट्ट्यांची बेरीज करून काढलेला आकडा. एका वेळी संगणक एकाच पट्ट्यावर बोलतो. ५ गिगाहर्ट्झवर दोन अँटेना आणि ८० मेगाहर्ट्झ रुंदी धरली तर लिंक जास्तीत जास्त १२०१, तीही राउटरसमोर बसून आणि राउटरही वाय-फाय ६ चा असेल तर. हवेतला प्रत्यक्ष डेटा त्याच्या निम्मा-पाऊण. दीड फुटी भिंत आणि स्लॅब ओलांडून आलेले १८० वाईट नाहीत.

इथे थांबता आलं असतं का? प्लॅन शंभराचा असता तर हो, आणि तसं स्पष्ट सांगितलंही असतं. पण संध्याकाळी सात ते दहा पुन्हा मोजलं तेव्हा तेच १८० खाली येऊन कधी ९०, कधी १४०, आणि व्हिडिओ कॉल चालू असताना पिंग ८० च्या वर. घरच्यांना माडीवरच्या लॅपटॉपमधले फोटो आणि व्हिडिओही खाली उतरवायचे असतात, एका वेळी ५० जीबी वगैरे. शंभराच्या वेगाने त्याला सव्वा तास लागतो, खऱ्या गिगाबिटवर आठ मिनिटं. तिथे वाय-फायचा इलाज नाही.

रिपीटर सुचवला गेला. नको म्हटलं. एकाच पट्ट्यावर ऐकणारा आणि पुन्हा बोलणारा रिपीटर वेग निम्मा करतो. सिग्नलच्या कांड्या वाढतात, काम वाढत नाही.

९ फेब्रुवारी: विजेच्या तारांतून

पॉवरलाइन अडॅप्टरची एक जोडी ओळखीतून मिळाली. नेट घरातल्या विजेच्या वायरिंगमधूनच जातं, एक टोक वर, एक खाली. खोक्यावर ६००.

वरचं डब्याजवळचं सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर, खालच्या खोलीतलं साध्या लाइनवर. एकमेकांना सापडलेच नाहीत. खालीही इन्व्हर्टरचं सॉकेट शोधून लावलं, तेव्हा ६२ एमबीपीएस. मिक्सर सुरू झाला की २०. जोडी स्पाइक गार्डमध्ये लावली तर त्यातला फिल्टर सिग्नल खाऊन टाकतो, म्हणून थेट भिंतीतल्या सॉकेटातच लावायची. तीन फेजचं मीटर असलेल्या घरात वर-खाली वेगळ्या फेज आल्या तरी हाच प्रश्न. आपल्याकडच्या घरांत अर्धं वायरिंग इन्व्हर्टरवर आणि अर्धं बाहेर असतं. त्यामुळे विकत घेण्याआधी मागून आणून बघावी, हाच सल्ला. शिवाय या जोडीच्या बुडालाही पोर्ट शंभराचाच होता. सहाशेचं नाव, शंभराचं दार. परत केली.

१२ फेब्रुवारी: केबल घेणं

वाट ठरली. माडीच्या पॅसेजमधून छताच्या कडेने जिन्यापर्यंत, जिन्याच्या आतल्या कोपऱ्यातून खाली, मग दीड फुटी भिंत भेदून मागच्या खोलीत. स्लॅबला भोक पाडायचं नाही, आतल्या सळया कुठे आहेत हे दिसत नाही आणि जिन्याचा मार्ग मोकळा आहे. मोजून २६ मीटर. मजुरी आणि धूळ एकाच वायरीची असो की दोन, तेवढीच, म्हणून दोन केबली सोबत ओढायच्या. ६० मीटर हव्या.

कॅट-६ घ्यायची. गिगाबिटला कॅट-५ई पुरते आणि शंभर मीटरपर्यंत चालते, पण भावात फरक थोडा आहे आणि कॅट-६ वर पुढे कधी दहा गिगाबिट करायचं झालं तरी या अंतराला अडचण नाही. कॅट-७, कॅट-८ च्या चपट्या रंगीत वायरींकडे बघायचंच नाही.

दुकानात पहिली गुंडाळी १८ रुपये मीटरची समोर आली. "कॉपरच आहे की साहेब, बिनधास्त न्या." हातात घेताच हलकी लागली. तांबं चढवलेलं अ‍ॅल्युमिनियम ओळखायच्या दोन परीक्षा दुकानातच होतात. एक, तारेचं आवरण काढून ब्लेडने खरवडायचं. आत पांढरं दिसलं तर अ‍ॅल्युमिनियम. दोन, मल्टिमीटर. एका जोडीच्या दोन तारा लांबच्या टोकाला एकत्र पिळायच्या आणि जवळच्या टोकाला रोध मोजायचा. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध आधी मोजून वजा करायचा. ६० मीटरच्या गुंडाळीत जाऊन-येऊन १२० मीटर तार होते. २३ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप, आकडा मोठा तशी तार बारीक) शुद्ध तांब्याला सुमारे ८ ओहम यायला हवेत, २४ गेजला १० च्या आसपास. प्रमाणाप्रमाणे एका तारेला शंभर मीटरला ९.३८ ओहम ही कमाल मर्यादा, म्हणजे इथे ११.२५ च्या वर काहीच चालणार नाही. या गुंडाळीने १२.६ दाखवले.

आता खरं सांगायचं तर २६ मीटरला ही वायरही गिगाबिट दाखवेल, कदाचित वर्षानुवर्षं. पण अ‍ॅल्युमिनियमची तार दोन-तीनदा वाकवली की तुटते, आयओच्या (भिंतीवरच्या नेटच्या सॉकेटच्या) पात्यात ठोकली की सैल बसते, आणि पुढे कुणी याच वायरीतून कॅमेऱ्याला वीज दिली तर ती तापते. भिंतीत बसवायची वस्तू पुन्हा पुन्हा उघडता येत नाही. दुसऱ्या दुकानातून ३२ रुपये मीटरची घेतली. रोध ८.२. आवरणावर २३ एडब्ल्यूजी (म्हणजे २३ गेज) आणि मीटरचे आकडे छापलेले. ते आकडे असले की उरलेली लांबी मोजायला टेप लागत नाही.

१५ फेब्रुवारी: भोक आणि पट्टी

दीड फूट म्हणजे ४५७ मिलिमीटर. बाजारात सहज मिळतो तो ४५० चा बिट, आणि तो प्लास्टरच्या आतच संपतो. ६०० मिलिमीटर लांबीचा, १६ मिलिमीटरचा एसडीएस (हॅमर ड्रिलमध्ये बसणारा) बिट भाड्याने मिळवायला अर्धा दिवस गेला. जुन्या घरांच्या भिंतींत काम असेल तर आधी बिट ठरवा, मग दिवस ठरवा.

चुन्यातलं वीटकाम काँक्रीटपेक्षा मऊ, म्हणून सोपं वाटतं. तसं नाही. बिट विटेतून सांध्यात शिरला की सांध्याच्या रेषेने वाकडा पळतो, आणि बाहेर काढला की चुना ढासळून भोक पुन्हा भरतं. जमलं ते असं: आधी १० मिलिमीटरचं मार्गदर्शक भोक दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं, मग १६ चा बिट हॅमर बंद ठेवून, मध्येमध्ये बाहेर काढत. पलीकडून शेवटचा इंचभर तर हॅमर अजिबात नाही, नाहीतर ताटाएवढं प्लास्टर सुटून पडतं. भोक तयार होताच त्यात पातळ पीव्हीसीची नळी सरकवली, म्हणजे चुना ढासळला तरी वाट मोकळी राहते. भोकातून नुसती केबल न्यायची. कनेक्टर आधी लावला तर तो नळीत मावत नाही.

उंची जमिनीपासून पाच फूट. सवय म्हणून सगळे जमिनीलगत, सॉकेटशेजारी पॉइंट काढतात. इथे तो पुराच्या रेघेच्या वर काढला. संगणक उचलून वर नेता येतो, भिंतीतला पॉइंट नेता येत नाही.

पट्टी २५ मिलिमीटरची, दोन केबली सैल बसतात. खालचा भाग गिट्टी आणि स्क्रूने, दर दोन फुटांवर एक. चुन्याच्या भिंतीत ६ मिलिमीटरची गिट्टी फिरते, तिथे ८ ची वापरली. काही ठिकाणी तीही फिरली, तेव्हा भोकात व्हाइट सिमेंट भरून रात्रभर वाळू दिलं. नुसत्या दुतर्फी टेपवर पट्टी सोडू नये, चुन्याचा पापुद्रा घेऊन ती खाली येते.

जिन्याच्या कोपऱ्यात विजेची पट्टी आडवी येते. तिथे नेटची पट्टी काटकोनात ओलांडली. समांतर जाते त्या भागात वीतभर अंतर ठेवलं. कोपऱ्यांवर केबल मोडायची नाही, वळवायची. वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या चौपट, म्हणजे इथे साधारण इंचभर. आणि अडकलेली केबल हिसका देऊन ओढायची नाही. चार जोड्यांच्या केबलला ११ किलोचा ताण ही हद्द. त्यापुढे आतले पीळ ताणले जातात, बाहेरून काही दिसत नाही. दोन्ही टोकांना मीटरभर जास्तीची केबल ठेवून वळ्या घातल्या.

१६ फेब्रुवारी: टोकं

भिंतीतली केबल एकसंध तारेची. तिला थेट प्लग क्रिम्प करून (दाबून बसवून) संगणकात लावणं टाळलं, कारण रोज हलणाऱ्या टोकाला एकसंध तार कंटाळते. दोन्हीकडे आयओ आणि फेसप्लेट, पुढे कंपनीत तयार झालेली पॅचकॉर्ड.

रंग 'बी' पद्धतीचे: केशरी-पांढरा, केशरी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. आयओच्या अंगावर 'ए' आणि 'बी' दोन्ही पट्ट्या छापलेल्या असतात आणि दोन्ही बाजूंना एकच पाळायची. तारांचा पीळ आयओच्या पात्यापर्यंत ठेवायचा, १३ मिलिमीटरहून जास्त उलगडायचा नाही. नीट, सरळ, देखणं दिसावं म्हणून दोन इंच पीळ सोडवून ठेवलेले आयओ जागोजाग बघायला मिळतात. ते देखणेच असतात फक्त.

आठ दिव्यांच्या टेस्टरवर १ ते ८ ओळीने लागले. पण तेवढ्यावर विश्वासून पुढे जाता येत नाही, हे त्याच संध्याकाळी दिसलं. घरात पडलेली, कुणीतरी हाताने क्रिम्प केलेली पॅचकॉर्ड संगणकाला लावली तर लिंक १००० वर येई, जाई, १०० वर थांबे. टेस्टरवर तिचेही आठही दिवे ओळीने. प्लग डोळ्यांजवळ धरल्यावर कळलं: रंग जोडीजोडीने सरळ लावलेले, केशरी-केशरी, हिरवा-हिरवा, निळा-निळा, तपकिरी-तपकिरी. दोन्ही टोकांना सारखंच, म्हणून टेस्टर खूश. पण ३ आणि ६ या पिना एकाच पिळातल्या असाव्या लागतात. इथे ३ हिरव्या पिळात आणि ६ निळ्या पिळात गेली. पीळ असतो तो शेजारच्या जोडीचा गोंगाट कापण्यासाठी, तोच निकामी झाला. तीनशे-चारशे रुपयांचा टेस्टर तार कुठून कुठे गेली एवढंच सांगतो, कोणासोबत गेली ते सांगत नाही. पॅचकॉर्ड कापून टाकली, म्हणजे पुन्हा कुणी लावणार नाही.

१७ फेब्रुवारी: पुन्हा ९४

नवी केबल, नवे आयओ, नव्या पॅचकॉर्ड. लॅपटॉप वर डब्याच्या एक नंबर पोर्टात, नवी केबल शेजारच्या दोन नंबरला. आयपर्फ: ९४.

दोन्ही केबलींवर ९४, दोन्ही दिशांना ९४. एखादी तार तुटलेली केबलही ९४ च देते, पण दोन्ही केबलींत तोच दोष असणं अवघड, आणि सांधा ढिला असेल तर चढउतार आणि पुन्हा पाठवलेली पॅकेटं दिसतात. केबल दोन नंबरमधून काढून एक नंबरमध्ये घातली: लिंक लगेच १०००. म्हणजे डब्याचा एकच पोर्ट गिगाबिट, उरलेले तीन शंभराचे. चारही दिसायला सारखे पिवळे. डब्याखालच्या लेबलवर मात्र एकापुढे 'जीई' (गिगाबिट इथरनेट) आणि बाकीच्यांपुढे 'एफई' (फास्ट इथरनेट, म्हणजे शंभराचं) असं बारीक अक्षरात आहे. हे कुठल्या एका डब्याचं नाही, फायबरच्या घरगुती डब्यांत ही विभागणी बऱ्याच ठिकाणी सापडते. वेगळे विकत घेतलेले स्वस्त राउटरही तपासावे. वाय-फायला १२०० चं नाव आणि मागचे सगळे पोर्ट १०/१०० चे, अशी जोडी बाजारात आहे.

उपाय सोपा आणि स्वस्त. पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारं उपकरण), १,२५० रुपये. डब्याचा एक नंबर पोर्ट स्विचला, बाकी सगळं स्विचमध्ये. आयपर्फ: ९४१ एका दिशेला, ९३८ दुसऱ्या. पिंग १ मिलिसेकंदाच्या आत, संध्याकाळी गर्दीतही तिथेच. स्पीड टेस्ट ३०० च्या थोडं वर, म्हणजे आता छत प्लॅनचं आहे. चाचणी करताना यूएसबी अडॅप्टर काढून ठेवला होता, नाहीतर डेटा नेमका कुठल्या वाटेने गेला याची खात्री राहत नाही.

अडीच गिगाबिटचा विचार झाला आणि सोडला. डब्यात तसा पोर्ट नाही, प्लॅन तेवढा नाही.

स्विच आणि डबा दोन्ही इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घेतले. नुसता डबा इन्व्हर्टरवर असून स्विच साध्या लाइनवर राहिला तर लाइट गेल्यावर वाय-फाय चालू आणि वायरचं नेट बंद.

१ मार्च: पुन्हा तपासणी आणि खर्च

दरम्यान एकच तक्रार आली: संगणक झोपेतून उठला की कधीकधी लिंक १०० वर. केबल आणि स्विचचा पोर्ट बदलूनही तेच, म्हणून डिव्हाइस मॅनेजरमधून नेटवर्क कार्डाच्या अ‍ॅडव्हान्स्ड यादीत गेलो. 'एनर्जी एफिशियंट इथरनेट', 'ग्रीन इथरनेट' आणि 'गिगाबिट लाइट' ही वीज वाचवणारी तिन्ही सेटिंग्ज बंद केली. तेव्हापासून १००० वर टिकून आहे. विंडोजने ड्रायव्हर बदलला की ही सेटिंग्ज परत चालू होऊ शकतात, तेवढं लक्षात ठेवायचं.

खर्च असा: केबल १,९२०, पट्टी दोन मीटरच्या बारा, ६६०, आयओ चार, ७२०, फेसप्लेट आणि बॉक्स ३२०, पॅचकॉर्ड एक मीटरच्या तीन आणि तीन मीटरची एक, ६१०, स्विच १,२५०, ड्रिल आणि बिटाचं भाडं ४५०, स्क्रू, गिट्ट्या, नळी, सिमेंट २३०. एकूण ६,१६० रुपये. पंच टूल (तारा आयओत ठोकायचं हत्यार) आणि टेस्टर हाताशी होते, नसतील तर आणखी साधारण ७०० धरा. २,७०० चा यूएसबी अडॅप्टर वायर आल्यावर इथे बिनकामाचा ठरला, आता माडीवरच्या दुसऱ्या संगणकाला लावला आहे.

परसातल्या खोलीलाही नेट न्यायचं चाललं आहे. तिथे हीच कॅट-६ अंगणावरून टांगायची नाही. एप्रिल-मेच्या वळवात कडाडणाऱ्या विजा जवळ कुठे पडल्या तरी उघड्यावरच्या तांब्यात झटका उतरतो आणि दोन्हीकडचे पोर्ट जळतात. तिथे फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर जोडणारी उपकरणं) लागतील, आणि फायबरही आधाराची पोलादी तार नसलेली. भाव काढायला सांगितले आहेत.

दुसरी केबल सध्या रिकामी आहे. तिचं वरचं टोक स्विचच्या चौथ्या पोर्टात लावून ठेवलं आहे आणि खालच्या फेसप्लेटच्या आत दोन्ही केबलींचा रोध, तारीख आणि 'बी' ही रंगपद्धत पेनाने लिहिली आहे.